आईच्या नावाचं रोप

३ जून

डीएनए तपासणीचा निकाल आला. आईच्या नावाचं रोप संकरित आहे, म्हणजे वेगळी प्रजाती नाहीच. अभिनंदन, माझंच!

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बाबांना ते वर बर्फाजवळ, खडकाच्या फटीत सापडलं. नवी प्रजाती म्हणून त्यांनी जाहीर केलं आणि प्रयोगशाळेतल्या मदतनीस मुलीचं नाव दिलं. दोन महिन्यांत त्या मुलीशी लग्न. लोक फुलं देतात, आमच्या बाबांनी अख्खी प्रजाती दिली.

४ जून

पुन्हा तपासलं. तेच.

हरितलवकातला डीएनए फक्त मातृरोपाकडून येतो. तो निघाला खालच्या पायवाटेवरच्या पिवळ्या तणाचा — ज्याला लोक बूट पुसतात! बाकीचा डीएनए निम्मा त्या तणाचा, निम्मा वरच्या खडकावरच्या पांढऱ्या फुलाचा. काय ती सोयरीक!

६ जून

बाबांना सांगितलं. आधी चष्मा पुसला. मग — "पानांच्या पुड्यांची अदलाबदल केली असशील!" प्रत्येक पुडीवर मी दोनदा नंबर घालते, एक आत, एक बाहेर. ही सवय लावली कुणी? ह्यांनीच.

बाबांचं पुढे चालूच, "संकराचे परागकण पोकळ असतात. ह्याचे दहातले नऊ भरीव आहेत. छापून आलंय!"

मी म्हटलं, मोजणीत चूक झाली असेल. झालं! "मोजणी तुझ्या आईने केली आहे. तिची मोजणी आयुष्यात चुकलेली नाही!"

आई बाजूला वाटाणे सोलत होती. "आई वाटेवरची, बाप वरचा. आपल्या घरासारखंच की," म्हणाली. कुणी हसलं नाही.

९ जून

बाबा टेबलावर जेवायला येत नाहीत. ताट खोलीत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी रुसवा! भिंग घेऊन जुन्या वाळलेल्या नमुन्यांकडे दाद मागत बसतात.

पुढच्या महिन्यात संस्थेत त्यांचा सत्कार. पत्रिकेवर चित्र कुणाचं? त्याच रोपाचं. आणि हा निकाल सांगणारा माझा लेख शुक्रवारी छापायला जायचाय. मुहूर्त काढावा तर आम्हीच.

चेष्टा पुरे. मला रडू येतंय. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीचा अभिमान बाळगला, आणि ती मी काढून घेणार.

११ जून

ताज्या फुलांचे परागकण रंगवून पाहिले. भरीव तेवढे रंग धरतात. शंभरात अकरा! बाकी सगळे पोकळ. थोडंफार चुकतं माणूस, पण इतकं? आणि आई? जी फोडणीतली मोहरीसुद्धा मोजून टाकेल!

१२ जून

आईला विचारलं. तिने हात पुसले.

"मोजणी बरोबरच होती. वहीत मी उलटी लिहिली, पोकळांचे भरीव. नाव ठेवून झालं होतं गं. आणि हे इतके खूश होते."

मग म्हणाली, "तू लेख पाठव. ह्यांना मी सांगते." बाबांचं ताट उचलून त्यांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.