रिकामा रकाना

३ मार्च
आज वृद्धाश्रमात रुजू झाले. नोकरीबरोबर बाबांना पहिल्या मजल्यावर अकरा नंबरची खोली मिळाली, म्हणजे दुधात साखरच. बाबांनी खिडकीतलं झाड पसंत केलं, गुडघ्यांना शिव्या घातल्या आणि या गुडघ्यांवर मला शंभरी गाठायची नाही, असं बजावलं. माझं टेबल खाली कार्यालयात. तिथला संगणक इतका जुना की सुरू होताना खोकतो. संचालिकांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या सांगत होत्या, आधीचे ऑपरेटर काका वीस वर्षं त्याला कुणाला हात लावू देत नसत. आता नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि नवा डेटाबेस, दोन्ही मीच घालायची. हात नुसते शिवशिवतायत.

५ मार्च
नवा डेटाबेस भलताच नखरेल. एकही रकाना कोरा चालत नाही. बाबांसकट बेचाळीस जण हयात, म्हणून 'मृत्यूची तारीख' बेचाळीस ठिकाणी कोरी, आणि स्वारी तिथेच अडून बसली. चाचणी म्हणून दोघांपुढे ९ मार्च टाकलं: तीन नंबरच्या गाणं शिकवणाऱ्या आजी आणि आठ नंबरचे शिंपी आजोबा. निमूट घेतलं. मग उरलेल्या चाळीस जणांपुढे १४ ठोकून मोकळी झाले. नंतर सावकाश काढू. जुनी डिस्कही पुसून टाकली. अडगळ हवी कशाला?

९ मार्च
गाणाऱ्या आजी नाश्त्यानंतर गेल्या. दुपारी शिंपी आजोबा, तेही इथे नाही, लेकीच्या घरी, सुईत दोरा ओवता ओवता. नर्स म्हणाली, वय झालं होतं. मी मान डोलावली. मग खाली येऊन पडद्यावरची ९ मार्च पुन्हा वाचली.

१० मार्च
ऑपरेटर काकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, की तो रकाना कोरा ठेवलास ना? खरं ते सांगून टाकलं. मग ते हळूहळू बोलू लागले. एकदा त्यांच्या हातून चुकून तिथे तारीख पडली होती. बायकोच्या नावापुढे. ती तेव्हा इथेच सहा नंबरमध्ये होती. म्हणून त्यांनी पुढे काहीच बदललं नाही. मला भीती वाटतेय. खूप.

१२ मार्च
भरलेली तारीख बदलायला जुना प्रोग्रॅम लागतो. डिस्क तर मीच पुसली; बॅकअपमधली त्याची प्रत नव्या सिस्टिमवर उघडत नाही. बॅकअपमधल्या जुन्या नोंदीही नवा डेटाबेस ओळखत नाही. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला रजा घ्यायला सांगितलं. डेटाबेसच्या कंपनीचा दुरुस्तीचा प्रोग्रॅम येणार चौदाला. चौदाला! बाबांना दूर नेऊन काय उपयोग? शिंपी आजोबाही दूरच होते.

१४ मार्च, सकाळ
दुरुस्ती चालू. चाळीस टक्के. पडद्यावर: संगणक बंद करू नका.

एक नंबरकडे नर्स धावली. आता दोन. खोल्यांच्या क्रमानेच—

सत्तर टक्के. चार. पाच. नर्स रडतेय.

शंभर. उघडला! बाबांची ओळ सापडली. १४ पुसलं. पण जतन होत नाही. रकाना कोरा चालत नाही. तारीख हवी.

म्हणजे बाबांची तारीख मी ठरवायची? शंभरी नको म्हणाले होते. मग किती? पाच वर्षं? दहा? मी त्यांची लेक, मी कशी—

सात.

नऊ.

सगळे दहा नंबरकडे—

बाबा जिन्याशी येऊन हाका मारतायत, सगळे एवढे गप्प का झाले म्हणून. लिहितेय, बाबा. दिवस लिहिला, महिना लिहिला. साल—