कुशाबाकाकांचा अर्ज आणि माझा स्टीमर

५ जानेवारी, सोमवार. सकाळ.
वाफेने कपड्यांना इस्त्री करणारा गारमेंट स्टीमर मागवला. निर्णय घाईचा नाही. अकरा दिवस अभ्यास करून आणि सत्तेचाळीस ग्राहकांची मते वाचून घेतलेला आहे. कारणे: स्वावलंबन, वेळेची बचत, आणि सवलत आज संपत होती हे तिसरे, गौण.

कुशाबाकाकांना तूर्त काही सांगायचे नाही. आमच्या नायगावच्या जुन्या चाळीत ते जिन्याखाली इस्त्री करत. टॉवर झाल्यापासून पार्किंगच्या एका कोपऱ्यात टेबल लावतात. दहावीच्या परीक्षेत रोज सकाळी माझ्या गणवेशाला त्यांनी फुकट इस्त्री करून दिली होती. चाळीतल्या प्रत्येक परीक्षार्थीला देत. ती कृतज्ञता माझ्या मनात पूर्णपणे जागी आहे. म्हणूनच प्रयोग महिनाभर चालवावा आणि निष्कर्ष हाती आल्यावरच त्यांना सांगावे, हे शास्त्रशुद्ध ठरेल.

८ जानेवारी, गुरुवार.
पार्सल आले. वॉचमनने ते नेमके काकांच्याच टेबलावर ठेवले. काकांनी विचारले, पुस्तकं का? मी हो म्हटले. त्यांनी खोके उचलून पाहिले आणि म्हणाले की या वेळची पुस्तकं हलकी दिसतात. मी म्हटले, कविता आहेत.

काका स्वतः खोके लिफ्टपर्यंत घेऊन आले. कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणाऱ्या व्यक्तीला इतके तत्पर उत्तर सुचले याचा अभिमान बाळगावा की शरम, हे सातव्या मजल्यापर्यंत ठरले नव्हते. चौदाव्यावर ठरले. शरम.

११ जानेवारी, रविवार.
पहिला प्रयोग. निळी सुती साडी. वेळ पन्नास मिनिटे. टाकी चार वेळा भरली. परिणाम: सुरकुत्या होत्या तशाच, मात्र ओल्या आणि कोमट. आईने दारातून पाहिले आणि विचारले, “गो, साडयेक इस्त्री केलंस काय आंघोळ घातलंस?”

दोष यंत्रात नाही, माझ्या तंत्रात आहे. तंत्र सरावाने येते.

१५ जानेवारी, गुरुवार.
इतिहासाच्या नूपुर मॅडमनी स्टाफरूममध्ये विचारले की मी गावाहून परस्पर आले का. तसे काही नाही म्हटल्यावर त्यांनी अधिक काळजीने पाहिले.

आजपासून मागच्या गेटने जाणे सुरू केले. नऊ मिनिटे अधिक लागतात. चालणे प्रकृतीला उत्तम. काकांच्या टेबलाशी याचा संबंध नाही.

१८ जानेवारी, रविवार.
आज आमच्याकडे हळदीकुंकू. नवव्या मजल्यावरच्या प्रितीताईंना दारामागे स्टीमर दिसला. त्यांनी सर्वांसमोर विचारले, कसा आहे, घेण्यासारखा आहे का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एका शब्दाचे होते. मी बारा मिनिटे बोलले. चार माणसांत तोंड न उघडणारी मी आज वाफेचे तापमान, धाग्यांची रचना आणि स्त्रियांचा वाचणारा वेळ यांवर बोलले आणि हातात तिळगूळ धरून सगळ्या ऐकत राहिल्या. प्रितीताई म्हणाल्या, “अनुजाने घेतलंय म्हणजे विचार करूनच घेतलं असणार. ग्रुपवर टाक गं, तुझं मराठी वाचायला बरं वाटतं.”

टाकले. एक वाक्य मला स्वतःलाही आवडले: ‘वस्त्रनिगेतील परावलंबित्व संपविणारे हे साधन प्रत्येक सुजाण घरात असावे.’ तेवीस बदाम आले.

महिला मंडळाच्या ग्रुपमध्ये काका नाहीत. तपासून पाहिले. तपासावे लागले हेच वाईट.

२४ जानेवारी, शनिवार.
आठ घरांनी स्टीमर मागवले. अभिनंदनाचे संदेश मला येत आहेत.

मी घडीचे इस्त्री-टेबल आणि सुरकुत्यांवर मारायचा स्प्रे मागवला. स्टीमरला योग्य परिस्थिती मिळाल्याखेरीज त्याच्याविषयी मत बनवणे अन्यायाचे होईल. टेबल उघडले की माझ्या खोलीचे दार उघडत नाही. स्प्रेला मोगऱ्याचा वास आहे. सुरकुत्यांनाही आता तो आहे.

२७ जानेवारी, मंगळवार.
काकांनी मागच्या गेटापाशीच गाठले. मला वाटले, संपले. तीन आठवडे आमचे गाठोडे गेलेले नाही, त्याविषयी विचारतील. त्यांनी विचारलेच नाही. उलट माझा वेळ घेतो म्हणून संकोचले.

सोसायटी पार्किंगमधला कोपरा रिकामा करून मागते आहे. सेक्रेटरी राजेश यांनी सांगितले आहे की निदान पंचवीस घरे कपडे देतात असे दिसले तरच टेबल राहील. त्यासाठी अर्ज हवा. चाळीत कोणाचाही अर्ज असो, रेशनकार्डाचा वा नळाचा, आठवीपासून मीच लिहीत आले. काका म्हणाले, “तुझ्या हातचा अर्ज कधी परत आला नाही, बाय.”

मी हो म्हटले. मान खाली घालून म्हटले. त्यांना तो विनय वाटला असावा.

३० जानेवारी, शुक्रवार.
अर्ज पूर्ण. आजवरचा सर्वोत्कृष्ट. शेवट असा: ‘यंत्रे कितीही आली तरी जाणत्या हाताची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही, याचा आम्ही रहिवासी नित्य अनुभव घेत आहोत.’ वाचताना डोळ्यांत पाणी आले. शेजारी स्टीमर गळत होता, तेही पाणी वहीवर आले.

एकोणतीस घरांच्या सह्या झाल्या. पहिली आमची. तांत्रिकदृष्ट्या ती खोटी आहे. यास्तव संकल्प: सभेपूर्वी गाठोडे काकांकडे पोहोचवायचे, म्हणजे सही पूर्वलक्षी प्रभावाने खरी होईल.

२ फेब्रुवारी, सोमवार.
गाठोडे बांधले. सोडले. स्टीमरच्या पाण्याचे पिवळे डाग पाच साड्यांवर आहेत. काकांच्या ते लगेच लक्षात येईल. आधी धुवायच्या. उद्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
धुतल्या. आता इतक्या चुरगळल्या आहेत की देववत नाहीत. आधी थोड्या सारख्या करून मग द्याव्यात, म्हणून स्टीमर लावला. पुन्हा डाग.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपार.
सभा झाली. घडले ते क्रमाने लिहिते.

राजेश यांनी अर्ज वाचला. टाळ्या पडल्या. काका दाराजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग प्रितीताई उठल्या आणि म्हणाल्या की सही त्यांनी काकांच्या भिडेने केली, पण आता घरात स्टीमर आल्यावर कपडे देणे होणार नाही. त्यांच्यामागोमाग आणखी सात जणी बोलल्या. एकोणतिसातून आठ गेल्या. एकवीस.

राजेश यांनी कारण विचारले तेव्हा प्रितीताईंनी फोन काढून माझा संदेश मोठ्याने वाचून दाखवला. परावलंबित्वासकट. मग राजेश म्हणाले, “अर्ज तुमचा, हेही तुमचंच. सोसायटीने कुठलं धरायचं?”

मला एवढेच म्हणायचे होते की स्टीमर चालत नाही. चार आठवडे मी चुरगळलेल्या साड्या नेसून हिंडते आहे, आता अंगावर आहे तीही तशीच आहे, पाहा. मी म्हणाले, “दोन्ही लेखनांचे संदर्भ भिन्न आहेत.”

आठही जणी म्हणाल्या की अनुजाने स्पष्ट लिहिले तर त्या यंत्र परत करतील आणि कपडे काकांनाच देतील. राजेश यांनी मुदत दिली: शनिवार, संध्याकाळी सहापर्यंत ग्रुपवर खुलासा करा, नाहीतर कोपरा रिकामा होईल.

हे सोपे आहे. आजच लिहिते.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
तिसरा मसुदा. ‘स्टीमर निरुपयोगी आहे’ हे विधान सरसकट वाटते. सिंथेटिक ओढणीवर तो बऱ्यापैकी चालतो, हे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे.

आई म्हणते, “दोन शब्द लिही नि मोकळी हो.” तिला लेखनप्रक्रियेची कल्पना नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
सहावा मसुदा. ‘निरुपयोगी’ऐवजी ‘अपुरा’. मग आधीच्या संदेशातले विधान पूर्णतः चुकीचे नव्हते, केवळ मर्यादित होते, असे मांडता येईल. काकांचेही भले होईल आणि माझेही फार वाईट दिसणार नाही. हे वाक्य लिहिल्यावर सहावा मसुदा खोडला.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ ७.४०.
नववा मसुदा निर्दोष झाला. त्यात ‘निरुपयोगी’ हाच शब्द ठेवला आणि चूक स्पष्टपणे स्वीकारली. समाधानाने पाठवला. घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली होती.

उत्तरे आली. प्रितीताई: किती सुंदर लिहितेस गं, माहेरच्या ग्रुपवर पाठवू का? राजेश यांच्याकडून केवळ अंगठा.

धावत खाली गेले. टेबल हलवलेले होते. काका कोळशाचे पोते बांधत होते. मी मदतीला वाकले. त्यांनी पोते सरकवून घेतले, साडीला काळे लागेल म्हणाले. तेव्हा एकदाचे तोंड उघडले. म्हटले, “काका, त्या खोक्यात कविता नव्हत्या. आमच्याकडेही ते मशीनच आहे.”

“ठाऊक आहे गं,” काका म्हणाले. “मागल्या गेटाने गेलीस तरी वळसा घालून इथनंच रस्त्याला लागतेस. रोज बघतो ना तुझी साडी.”

मग कधी काही म्हणाला का नाहीत, असे मी विचारले.

“काय म्हणणार? घेतलंस तर घेतलंस. ओढण्या-बिढण्यांना चालतं ते. सुतीला खाली तवा पायजे तापलेला नि वर वजन. त्या दिवशी सभेत एवढं बोलली असतीस तर बास होतं.”

त्यात राग नव्हता. असता तर मला काहीतरी करता आले असते.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
काका आता दोन गल्ल्या पलीकडे, भाच्याच्या पिठाच्या गिरणीबाहेर बसणार आहेत. आमच्या इमारतीतली म्हातारी माणसे तिथवर जाणार नाहीत, हे त्यांनीच सांगितले. तरी जे जातील त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये एक कागद लावायला राजेश यांनी दोन दिवसांची परवानगी दिली आहे. काका सकाळी वर आले. कागद मीच लिहावा म्हणाले. नाव, नवा पत्ता, वेळ. “चार ओळी हां, बाय. नि आजच्या आज.”

मी शब्द दिला आहे. गाठोडेही आज त्यांच्या नव्या जागी घेऊन जायचे आहे. ‘स्थलांतर’ की ‘नवी जागा’, एवढे ठरले की कागद तयार. सध्या दुसरा मसुदा चालू आहे.