फाटकाजवळचा मोह

मी, बादल धावजी राठोड, वय सव्वीस, शिक्षण पाचवी, राहणार फुलसावंगीजवळचा तांडा, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, सध्या पुण्यात झाडांच्या फांद्या छाटण्याच्या कामावर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, प्यालेलो नाही आणि कोणी धाक दाखवलेला नाही. मागच्या महिन्यात आमच्यातला एक जण झाडावरून पडून मेला. म्हणून हे मृत्युपत्र आताच. याआधी मी वीटभट्टी, ढाबा आणि ट्रक सोडला. हेच एक काम टिकले.

१. तांड्यावरच्या घरातला माझा हिस्सा याडीचा, म्हणजे माझी आई धनीबाई हिचा. भाऊ राजकुमारने त्यात बोट घालू नये. माझी मोटारसायकल तो न विचारता घेऊन गेला, तोच त्याचा वाटा.

२. दोर, पट्टा आणि करवत खोलीतला सोबती सेवादास चव्हाण याला. दोर जुना आहे. आधी बदल, मग चढ.

३. मुकादमाला काही नाही. तो रोज चारचौघांत विचारायचा, "काय रे बादल, तुमच्या तांड्यावर नळाला मोहाचीच दारू येते ना?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

४. हे कलम सुचित्रा दातार ताईंसाठी. त्या दर रविवारी लोकांना रस्त्यावरची झाडं दाखवत फिरतात आणि मले सोबत नेतात. शहरातले लोक फूल आल्याशिवाय झाड ओळखत नाहीत. मी नुसती साल पाहून वावळ सांगतो. ताई सगळ्यांना म्हणतात, "बादलला माहीत नसेल तर तो नाही म्हणतो. थापा मारत नाही."

ताई, मारली.

तुमच्या फाटकाजवळचं झाड मोहाचं होतं. फेब्रुवारीत पानं गळली होती, पण फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके होते. मी खालूनच पाहिले. तीच फुलं माझी याडी वेचते, वाळवते. आम्ही ती खाऊन वाढलो. उद्यान विभागाचे साहेब पाहणीला आले होते, त्यांनी विचारलं, "कोणतं झाड? जिवंत आहे का?" मुकादम बाजूलाच उभा. मोह म्हटलं असतं तर पुन्हा नळ निघाला असता. मी म्हणालो, "जंगली हाय साहेब. वाळलं."

दुसऱ्या दिवशी मीच कापलं. करवतीला पांढरा चीक लागला. तुम्ही खाली आल्या. "कोणतं होतं रे? दिवाळीत राहायला आल्यापासून फुलायची वाट बघत होते."

"मले नाही माहीत, ताई."

त्या दिवसापासून तुम्ही मले खरा समजता.

५. माझ्या नावाने कोणी झाड लावू नये.

साक्षीदार मजकूर वाचत नाहीत म्हणे. ताई, तुम्ही वाचा. मी मेल्यावर तुम्हाला कळलं तर मी फुकट सुटलो. तसं सुटायचं नाही.

पुणे, ९ जून २०२५
(सही) बादल धावजी राठोड

साक्षीदार १ : सेवादास चव्हाण (सही)

साक्षीदार २ : चौथे कलम दोनदा वाचले. बादलने माझ्यासमोर सही केली, एवढीच माझी साक्ष. या रविवारी त्याने येऊ नये. पुढचे मी कळवीन.
(सही) सुचित्रा दातार