घोडा न दाखवण्याचा निर्णय

६ जानेवारी
नवीन वर्षाचे पहिले पाच दिवस प्लॅनिंगमध्ये गेले. आजपासून नियमित रोजनिशी. मराठीत लिहितोय, कारण गेम डिझाइनच्या आमच्या अख्ख्या वर्गात मराठी वाचणारा मी एकटा. कलकत्त्यात एवढी प्रायव्हसी पुरे.

शेवटचं सेमिस्टर. एप्रिलअखेर ज्युरी. गेम बनवून दाखवायचा, स्टुडिओची माणसंही बघायला येतात. बाबांशी करार झालाय. बी ग्रेड मिळाली तर पुढचं माझं मी ठरवणार. नाही मिळाली तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म. बाबा खिदिरपूरला कस्टम्समध्ये आहेत, पेटी उघडून बघितल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. फॉर्म आत्ताच आणून फ्रिजवर ठेवलाय. बिचारा फॉर्म.

९ जानेवारी
आयडिया मिळाली. नाव 'बारगीर'. नागपूरहून निघून थेट बंगालवर धडकणारा मराठा घोडेस्वार. आमचं मूळ घर नागपूरचं, म्हणजे विषय रक्तातच. चाळीस गावं, बारा जातींचे घोडे.

भादुडी सरांपुढे मांडली. वर्ग एकदम गप्प. इतकी दाद मला आजवर मिळाली नव्हती. मग पौलोमी म्हणाली की लहानपणी ती झोपली नाही की तिची दिदिमा, म्हणजे आईची आई, बर्गी येतील म्हणून भीती घालायची. बर्गी म्हणजे आमचे बारगीरच. गावं लुटायचे, धान्य न्यायचे. मागून दोघं-तिघं म्हणाले, आमच्याकडेही हेच. म्हणजे आमची कीर्ती इथल्या पाळण्यापर्यंत पोचलेली आहे. निम्मा रिसर्च झाला.

सरांनी पौलोमीला माझ्या जोडीला दिलं. ती गाव करणार, मी घोडेस्वार. तिला थोडं शिकायला मिळावं असा सरांचा हेतू असावा.

२७ जानेवारी
स्वाराच्या मिशा पूर्ण. साडेचारशे केस, प्रत्येक वेगळा हलतो. पौलोमीने विचारलं, घोडा कुठाय. काही लोकांना बारकावे दिसतच नाहीत.

३ फेब्रुवारी
घोडा सुरू. धावताना त्याचे चार पाय कुठे कुठे असतात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माझा घोडा धावतो, पण जिना उतरल्यासारखा. सर म्हणाले, आधी खरा घोडा बघ.

४ फेब्रुवारी, संध्या. ६
मैदानावर गेलो. घोड्याने तीन तास गवत खाल्लं. मी दोन प्लेट फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी. त्याच्या उभं राहण्याचा सखोल अभ्यास झाला. उद्यापासून रोज पहाटे जाणार.

५ फेब्रुवारी
धुकं होतं. गेलो नाही.

२४ फेब्रुवारी
पाय पाच झालेत. कुठला जास्तीचा ते कळत नाही. सगळेच गरजेचे वाटतात.

चाळीस गावांचं एक गाव केलं. मोठे डिझायनर काटछाट करतात. पौलोमीचं एक गाव तयारच आहे. एक झोपडी, एक आजी, तिचा नातू. बर्गी यायच्या आत आजीने तांदूळ लपवायचा, दिवा विझवायचा, नातवाला गप्प करायचं. इतकंच. मी तिला प्रेमाने सांगितलं की यात ॲक्शन नाही.

आईने जेवताना विचारलं, तुझ्या गेममध्ये तू कुठपर्यंत आलास. म्हटलं, घोड्यापर्यंत. बाबांनी फ्रिजकडे बघितलं.

२४ मार्च
वर्गात ट्रायल. स्क्रीनवर सुरुवातीला विचारतो, कोण व्हायचंय, घोडेस्वार की दिदिमा. चौदा जण खेळले. चौदाही दिदिमा. बंगाली बहुमत, दुसरं काय. घोडेस्वार निवडला असता तर 'लवकरच' अशी पाटी आली असती, ही गोष्ट वेगळी.

७ एप्रिल
पौलोमी म्हणाली, घोडा दाखवूच नको. दारातून नुसती धूळ दिसू दे आणि टापा ऐकू येऊ देत. मी साफ नकार दिला. घोडा न दाखवणं म्हणजे सरळ पळपुटेपणा. असला सल्ला घोडा न जमणारी माणसंच देतात. एकोणीस दिवस आहेत. रोज एक पाय केला तरी पंधरा दिवस शिल्लक राहतात.

२० एप्रिल
घोडा पडला. प्रोग्राम बंद पडला असं नव्हे, घोडाच आडवा झाला, जागच्या जागी. उठत नाही. मिशा मात्र सुंदर हलतात.

धूळ करायला घेतली. तात्पुरती. कंटाळा घालवण्यासाठी. आधी लांबून एक पिवळसर रेघ, मग झाडं पुसट होतात, मग अंगण. बसल्या बैठकीला सात तास गेले, जेवायचं राहिलं. वेळेचं नियोजन सुधारायला हवं.

२६ एप्रिल, सकाळी ९
आज ज्युरी आणि प्रदर्शन. 'लवकरच'ची पाटी अजून तिथेच आहे. एकाने जरी घोडेस्वार निवडला तर माझा निकाल तिथेच. पण निवडणार कोण? एक मराठी माणूस येतोय फक्त. बाबा.

२६ एप्रिल, रात्री
एकसष्ट जण खेळले. एकसष्टही दिदिमा. दर वेळी जीव भांड्यात पडत होता आणि दर वेळी रागही येत होता. पौलोमीची खरी दिदिमा बालीगंजहून आली होती. तिने दिवा सगळ्यांत लवकर विझवला. पहिल्या स्क्रीनवरचा हा मिशीवाला स्वार कुणाचा म्हणून तिने विचारलं, पौलोमीने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि पर्समधून संदेश मिठाईचा एक तुकडा काढून हातावर ठेवला. आता काही नेऊ नको म्हणाल्या.

चार वाजता बाबा. ऑफिसातून तसेच आले होते. जन्मात गेम खेळलेले नाहीत. मी शेजारच्या खुर्चीत बसलो. आमचं नागपूर, आमचा बारगीर, बाबांचं बोट त्याच्यावरच पडणार हे मला माहीत होतं. बँकेचा फॉर्म डोळ्यांपुढे आला.

बाबांनी दिदिमा निवडली.

मला खूप वाईट वाटलं. वाचलो होतो, तरी वाटलं. मग बाबा तांदूळ लपवायला लागले. कस्टम्समध्ये तीस वर्षं लपवलेला माल काढणारा माणूस, पिंपाच्या मागे ठेवू की चुलीखाली म्हणून मला विचारत होता. दिवा विझवला. दारातून माझी धूळ वर यायला लागली. बाबा पुढे वाकले, आवाज एकदम बारीक करून म्हणाले, आला का रे. आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. टापा लांब जाईपर्यंत सोडलं नाही.

शेवटी नावं आली. गाव, घर, माणसं, गोष्ट, आवाज : पौलोमी. धूळ : उन्मेष. बाबांनी ते दोनदा वाचलं. धूळ चांगली आहे म्हणाले.

२८ एप्रिल
बी. सरांचा शेरा : घोडा न दाखवण्याचा संयम या वयात दुर्मिळ. हे मी पहिल्यापासूनच ठरवलं होतं.

एका स्टुडिओच्या बाईंनी तीन महिन्यांसाठी बोलावलंय. धूळ, धूर आणि वाफ. मी घोड्याचा विषय काढला, त्या म्हणाल्या घोडेवाले खूप आहेत आमच्याकडे. पहिल्याच आठवड्यात त्यांना मिशा दाखवणार.

आईने फ्रिजवरचा फॉर्म काढून रद्दीत टाकला. मग फडकं ओलं करून ती जागा स्वच्छ पुसली, फडकं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, याचा पगार देणार आहेत का तुला.