जात्याची घरघर

परतूर, १८ एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्ना हिस बेबीनंदा आत्याचे अ. आ. व जयभीम.

वि. वि. फोनवर हे बोलणं जमत नाही, म्हणून लिहिते. जयंती झोकात झाली. तू पाठवलेल्या जात्यावरच्या ओव्या पोरांनी डीजेवर लावल्या. आपल्या शेजारच्या मालनबाईचा आवाज इतका साफ, की बाया म्हणाल्या, म्हातारी उठून आली.

पण पोरी, जात्याची घरघर कुठं गेली? आणि माझी आई? मालनबाईनं ओवी म्हणायची, समोर बसून आईनं शेवटचा शब्द खालच्या सुरात ओढायचा, अशी ती जोडी. मधेच एकदा आई मला हाक मारते. तुझ्या बाबांनी मास्तरांचा टेप मागून आणून ते भरलं आणि पुढच्याच साली आई गेली. मी सहा वर्षांची होते. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. आधी वाटलं, माझेच कान गेले.

जल्दी कळव. तुझ्या पीएचडीची शिट्टी कधी होणार, असं आमचे हे, तुझे मामा, विचारतात. आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


नवीन जालना, २३ एप्रिल

ती. आत्यास ज्योत्स्नाचा सविनय जयभीम.

वि. वि. तुझे कान शाबूत आहेत. चूक माझी आहे. आमच्या संशोधन केंद्रात संघपाल जुनी रेकॉर्डिंगं संगणकावर साफ करून देतो. त्याला मीच म्हणाले की मागची खरखर काढ. एकसारखा चालणारा खालचा आवाज म्हणजे खरखर, एवढंच त्या यंत्राला कळतं. आजीचा सूर जात्याला असा चिकटलेला, की तोही गेला. मी मालनबाईचे शब्द उतरवण्यात गुंतले होते. समोर दुसरी बाई बसली आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

लॅपटॉपवर जागा होईना म्हणून साफ न केलेली नक्कल मी पुसली. पण मूळ कॅसेट मी तुला परत दिली आहे, म्हणून धीर धर. तिला बुरशी लागू देऊ नकोस. रविवारी घ्यायला येते. मामांना सांग, कुकर अजून तापतोच आहे.

रागावलीस तरी आपली म्हणत जा.

ज्योत्स्ना


परतूर, २५ एप्रिल

चि. ज्योत्स्नास अ. आ.

रविवारी येऊ नकोस. कॅसेट देताना तू बुरशीचं बोलली होतीस. बुरशी म्हटलं की आपण काय करतो? ऊन दाखवतो. तुरीच्या डाळीबरोबर मी ती तेव्हाच पत्र्यावर ठेवली होती, चांगली दोन दिवस. आज पेटीतून काढली तर पापडावानी वाकडी झालेली. दुकानदारानं हात लावायलाही नको म्हटलं.

तू एकदा पुसलीस, मी एकदा जाळली. आईला दोघींनी मिळून घालवलं. मला जेवण जात नाही.

यापुढे काय लिहू? जपून राहा.

आत्या


नवीन जालना, २ मे

ती. आत्यास सविनय जयभीम.

तुझं पत्र घेऊन मी संघपालकडे गेले आणि त्याच्यासमोर रडले. तो लगेच संगणक उघडून बसला. रेकॉर्डिंग साफ करताना जे काढतो, तेही तो वेगळं भरून ठेवतो. उद्या कुणी विचारलं की काय काढलं, तर दाखवता यावं, ही त्याची रीत. त्यावर त्यानं नाव दिलं होतं, कचरा.

आत्या, त्या कचऱ्यात मालनबाई जवळजवळ नाहीच. नुसतं जातं आहे आणि आजी. एकटी. इतकी मोकळी तर ती कॅसेटवरही तुला ऐकू आली नसेल. ते नाव मी बदलायला लावलं. आता तिथं आजीचं नाव आहे, आणि माझ्या प्रबंधातही दोघींची नावं येतील.

मोबाइलवर पाठवते आहे. डीजेवर लावू नकोस. आधी दार लोटून एकटी ऐक. जातं थोडं मंदावतं, आणि त्या घरघरीतच ती खालच्या आवाजात म्हणते, “बेबे, पीठ नको सांडू माय. इकडं ये, माझ्यापाशी बस.”

ऐकून झालं की दोन घास खा, आणि मला पोटाशी धर.

तुझी ज्योत्स्ना