उपाशीपोटी सुजणारा माणूस

तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर
कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १८९५

तीर्थस्वरूप कारभारी दाजींच्या पायांवर गहिनीनाथचे डोके. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. अक्काचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. इकडे ज्वारी चांगली उभी आहे, विहिरीला पाणी आहे, गाय व्यायली. गेल्या सालच्या दुष्काळानंतर एवढेसुद्धा फार वाटते, म्हणून सकाळी विहिरीत डोकावून आधी हात जोडतो आणि मग पोहरा सोडतो.

पत्र घरी न धाडता तुमच्या छापखान्याच्या पत्त्यावर धाडले म्हणून दचकू नका. घरी आलेले पत्र अक्का आधी फोडते (मोठी बहीण आहे, तिचा तो हक्कच आहे), आणि हे तिने फोडू नये अशी माझी इच्छा आहे. कुणी गेलेले नाही. जाता जाता राहिलो तो मीच.

झाले असे. मी एकादशी धरतो हे तुम्ही अक्काशी लग्न करायला आलात तेव्हापासून पाहता. तीन वर्षांपूर्वी अक्काने प्रेमाने राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा एस.टी.बरोबर पाठवायला सुरुवात केली, आणि साधारण त्याच सुमारास एकादशीला माझे ओठ सुजू लागले. आता हे दोन्ही एका ओळीत लिहिल्यावर तुम्हाला सगळे उमगले असेल. मला उमगायला तीन वर्षे लागली, कारण मी या दोन गोष्टी एका ओळीत कधी ठेवल्याच नव्हत्या. लाडू अक्काचे होते आणि सूज देवाची, असे मी धरून चाललो होतो.

देवाची सूज आली म्हणजे उपासात काही खोट राहिली. म्हणून मी उपास कडक केला. आधी शेंगदाणे सोडले, मग रताळी, मग दूध. उरला फक्त लाडू आणि पाणी. सूज ओठांवरून गालांवर आली. मग गुरुवारही धरला. सूज गुरुवारीही येऊ लागली. दुष्काळाच्या वर्षी राजगिरा मिळेना, अक्काचा डबा आला नाही, मी नुसत्या पाण्यावर उपास काढले आणि वर्षभर माझे तोंड जागेवर राहिले. देवाला या साली आमची दया आली, असे मी चार माणसांत सांगितलेसुद्धा. यंदा डबा पुन्हा सुरू झाला. दयेचे मग काय झाले, यावर मी गाईच्या गोठ्यात बसून पुष्कळ विचार केला आहे.

त्यात शेजारची लंकाबाई. आषाढातल्या एकादशीला ती शेळी शोधत आमच्या अंगणात आली, तर मी लालभडक तोंडाने भिंतीला टेकलेला, डोळे मिटत चाललेले, छातीत शिट्टी वाजतेय. ती ओरडली, "आगं मुक्ते, ह्यांच्या अंगात नाथ आलं! इचार, इचार माजी शेळी कुटं हाय!" मला वारा हवा होता, म्हणून मी दाराबाहेर हात केला. त्या दिशेला ओढा आहे. शेळी ओढ्यात सापडली. त्यानंतर दर एकादशीला दुपारी आमच्या अंगणात माणसे येऊन बसू लागली आणि मी केव्हा सुजतो याची वाट पाहू लागली. (एकाने जावयाबद्दल विचारले. मी खोकलो. त्याने सोयरीक मोडली.) मला तोंड दाखवायची लाज वाटे. मी काही अंगात आणणारा माणूस नाही दाजी, मी कोपऱ्यात बसून नाव घेणारा माणूस आहे.

शेवटी मुक्ताने बायकोच्या हक्काने हट्ट करून नगरला नेले. तिथे एका इस्पितळात सुमंत नावाचे तरुण डॉक्टर याच रोगांवर संशोधन करतात. एकाला धूळ सोसत नाही, दुसऱ्याला अंडे, तिसऱ्याला गवताचा पराग. त्यांनी समजावले की या सात-आठ वर्षांत परदेशात रक्तातला एक पदार्थ सापडला आहे, तो काही माणसांत नको तितका असतो आणि भलत्याच गोष्टीवर तुटून पडतो. मला वाटले, गावच्या जागल्याने चोर सोडून पाहुण्यालाच बडवावे, तसे हे. मी तसे म्हणालो तर त्यांनी ते कागदावर लिहून घेतले.

मग त्यांनी परदेशातून आलेल्या बाटल्या काढून माझ्या हातावर थेंबांची रांग मांडली आणि प्रत्येक थेंबातून सुई टोचली. त्यात झुरळ होते, गाईचा केस होता, गहू होता. अंड्याचा थेंब मी डाव्या हातावर घेतला, कारण उजवा जपाचा. एकच टिकली फुगली. मी घाबरून विचारले तर म्हणाले, ती सगळ्यांचीच फुगते, सुई नीट चालते की नाही ते पाहायला लावलेली असते. बाकी हात कोरा. त्यांनी पुन्हा विचारले, सूज येते त्या दिवशी काय खाता? मी खरे तेच सांगितले : काही नाही, उपास असतो. हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. उपाशीपोटी सुजणारा माणूस त्यांच्या पुस्तकात नव्हता. त्यांनी मला पुन्हा बोलावले, आणि तो दिवस तीन दिवसांपूर्वीच्या एकादशीचा निघाला.

आम्ही पहाटेच्या गाडीने गेलो. डॉक्टर आत कामात होते. ओसरीवर बसल्या बसल्या मुक्ताने डबा उघडला आणि माझ्या हातावर लाडू ठेवला. मी नाव घेऊन खाल्ला. थोड्याच वेळात तळहात खाजू लागले, कान तापले, जीभ तोंडात मावेना. ही सूज ओळखीची होती, पण या वेळी ती थांबेना. श्वास आत जाताना अडत होता आणि बाहेर येताना शिट्टी मारत होता. नंतर ती शिट्टीही बारीक होत गेली. नाव घ्यायला गेलो तर ओठ जुळेनात. मला मुक्ताचे तोंड दिसत होते, आणि तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलेला डबा. इतके जवळचे माणूस इतके लांब कसे दिसते, हे मला सांगता येणार नाही.

डॉक्टर धावत आले. "काय खाल्लं यांनी?"

"काय न्हाई वो सायेब! एकादशी हाय त्यांची. सकाळधरनं अन्नाचा कन न्हाई पोटात!"

डॉक्टरांनी शोभा नावाच्या परिचारिकेला हाक मारून दंडात इंजेक्शन दिले, आणि देता देताच त्यांची नजर माझ्या मिशीवर गेली. "आणि हे मिशीला काय लागलंय?"

"ते व्हय? राजगिऱ्याचा लाडू."

"मग खाल्लं ना!"

"खाल्लं कुटं सायेब? फराळ केला!"

इंजेक्शनने काळीज ढोलासारखे वाजू लागले, पण श्वास आत गेला. मी मोठ्याने रडलो. डॉक्टर माझ्या पायाशी स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझी आई जन्मभर एकादशी करते. मी रोज दहा जणांना काय खाल्लं म्हणून विचारतो, आणि फराळ काय केला हे एकालाही विचारलं नाही." त्यांच्या बाटल्यांत राजगिरा नाही. तिकडच्या लोकांना एकादशी नसते.

परतीच्या गाडीत डबा मुक्ताच्या मांडीवर होता. शेवगाव जवळ आल्यावर एवढेच म्हणाली, "म्या माज्या हातानं दिला तुमास्नी." स्टँडवर उतरली आणि सगळा डबा तिथल्या उकिरड्यावर पालथा केला.

अक्काला हे कळले तर ती असेच म्हणेल आणि जन्मभर म्हणत राहील. म्हणून विनंती, तिला लाडू बंद करायला सांगा, पण कारण दुसरे सांगा. गहिनीनाथच्या दाढा पडल्या म्हणा. मला स्वतःला कसलीही भीती नाही. सगळे नाथांच्या पायाशी ठेवले आहे, आणि तिथे ते सुरक्षित आहे.

आपला नम्र,
गहिनीनाथ

ता. क. पत्र बंद करणार तोच सुमंत डॉक्टरांचे कार्ड आले. लाडू आहे म्हणून तोच दोषी असे त्यांना धरता येत नाही, राजगिऱ्याचा अर्क काढून माझ्या हातावर टोचून पाहायचा आहे. हात फुगला तर रताळी, दूध, शेंगदाणे मला मोकळे आणि एकादशी माझी मलाच राहील. नाही फुगला तर कारण दुसरे कुठेतरी आहे, आणि मग प्रत्येक घास संशयाचा. त्यांना लाडू अक्काच्याच हातचे हवेत, आणि आमचे कुठे गेले ते वर लिहिलेच आहे. तेव्हा वरचे सगळे रद्द समजावे. दाढांचे काही सांगू नका. डबा लवकर मागवा.

ता. क. त्यांनी दिलेला दिवस मार्गशीर्षातल्या मोक्षदा एकादशीचा आहे. दिवस बदलायला मी सांगणार होतो, पण सूज देवाची नव्हे हे कळल्यावर कारण काय सांगायचे ते सुचले नाही.

ता. क. थेंब फार पातळ करून टोचतात आणि इंजेक्शन भरून शेजारी ठेवतात, असे ते म्हणतात. मुक्ता म्हणते, ती दाराबाहेर बसेल, आत येणार नाही, पुन्हा बघणार नाही. दाजी, भीती नाही असे मी वर लिहिले ते नाथांनी वाचावे म्हणून. तुम्ही डबा एस.टी.बरोबर धाडू नका, स्वतः घेऊन या, आणि सुई टोचतील तेव्हा माझा दुसरा हात धरून बसा.