उशिरा येणाऱ्यांचं इंग्रजी

सर, उद्या आमच्या वाटूरच्या शाळेत मीटिंग आहे आणि मला तिथे बोलायचं आहे. नव्या मुख्याध्यापकांनी ठरवलंय की सोमवारपासून साडेदहाला फाटक बंद, त्यानंतर जो येईल त्याने घरी परत जायचं. माझ्या नववीच्या वर्गात सात मुली आसपासच्या वस्त्यांवरून जीपने येतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. चार वेळा परत पाठवलं की पाचव्यांदा घरचे पोरीला शाळेत धाडतच नाहीत, कापूस वेचायला नेतात. म्हणून मी बोलणार आहे. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, आता कुणाची भीड ठेवत नाही. पण काय बोलायचं ते जुळवायला बसले की सारखे तुम्हीच आठवता, म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

घनसावंगीला तुमच्या वर्गाची रीत गावभर माहीत होती. उशिरा येणाऱ्याला छडी नाही की अंगठे धरणं नाही. त्याने उंबऱ्यावर उभं राहायचं आणि उशीर का झाला ते एका इंग्रजी वाक्यात सांगायचं, वाक्य पुरं झालं की आत. मी आठवीत पहिल्यांदा तिथे उभी राहिले. 'स्लो'चं 'स्लोली' होतं हे आदल्याच दिवशी शिकवलं होतंत, तेव्हा मी ठोकून दिलं, "सर, आय केम लेटली." वर्गाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हसलात ते एकटे तुम्ही. "आत ये," म्हणालात, "उंबऱ्यावरची चूक चूक न्हाई. पण ऐक, वेळ टळल्यावर आली म्हंजे तू 'लेट' आली. त्याला शेपूट लावायचं न्हाई. 'लेटली' म्हंजे हल्ली, अलीकडं. तिचा उशिराशी काही संबंध न्हाई. बराबर ध्यानात ठेव." दरवर्षी माझ्या वर्गात निम्मी पोरं हेच शेपूट लावतात आणि मी तुमचीच वाक्यं जशीच्या तशी खपवते.

सगळंच काही गोड नव्हतं. त्या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. पाणी भरून, भाकरी टाकून मी निघायचे, तोवर आमच्या फाट्यावरून पहिली जीप गेलेली असायची. हे वर्गात सांगायची लाज वाटे, म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, 'द जीप वॉज लेट.' तिसऱ्या दिवशी तुम्ही खडू खाली ठेवलात. "हे घोकून आणलं हाय. कालबी हेच, परवाबी हेच. जाय, व्हरांड्यात उभी ऱ्हाय आन् खरं वाक्य घेऊन ये." मला तुमचा इतका राग आला की वाटलं, घरी निघून जावं. व्हरांड्यात उभी आहे, नाक पुसतेय, आतून धडा वाचल्याचा आवाज येतोय. मग दारात येऊन म्हणते, "माय मदर इज नॉट वेल लेटली." तिथे 'हॅज नॉट बीन' हवं होतं, आज मी लाल शाई वापरली असती. तुम्ही चूक काढली नाहीत. "बस, बाई," एवढंच म्हणालात.

त्या रविवारी तुम्ही घरी आलात. आमच्या स्वयंपाकघरात पोत्यावर बसलात. आईने बाजेवर पडल्या पडल्या पदर सावरला. वडील म्हणाले, "सर, घरची बाई पडून हाय. पोरीला घरीच ठुवतो म्हणून राह्यलो." तुम्ही चहा संपवलात, कप उपडा ठेवलात. "उशिरा येऊ द्या. दुपारी येऊ द्या. पण येऊ द्या. माझ्या वर्गाचं दार काही लागत न्हाई." वडील "बरं" म्हणाले. त्या एका 'बरं'वर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, सर. तुम्ही वारलात तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते, नंतर तुमच्या घरी जायचं राहून गेलं. 'बिलेटेडली' हा शब्द मी कॉलेजात शिकले. वेळ निघून गेल्यावर आभार मानले की तो वापरतात, हे मी पोरांना फार छान समजावून सांगते.

तर उद्या हे सगळं मी सांगणार. मुख्याध्यापक तरुण आहेत, माणूस वाईट नाही. ते विचारतील, "मॅडम, दार उघडं ठेवलं तर पोरं मुद्दाम उशिरा येतील, त्याचं काय?" मी म्हणणार, बिलकुल नाही. हौसेने कुणी उंबऱ्यावर उभं राहत नाही, मी स्वतः राहिलेली आहे. हे मी ठासून सांगणार आणि ते ऐकतील, मला खात्री आहे.

पण हे पान वहीतच राहणार आहे, म्हणून तुम्हाला खरं सांगते. आई दिवाळीला उठून कामाला लागली. त्यानंतर पहिली जीप मला रोज मिळत होती. फाट्यावर ड्रायव्हर ओरडायचा, "चल की बाई जल्दी, एक जागा हाय," आणि मी मान हलवून ती जाऊ द्यायचे. थेट दहावी संपेपर्यंत. घरात आम्ही सहा भावंडं, माझं बोलणं कुणी पुरं होऊ देत नसे. तुमच्या दारात मात्र मी बोलत असेपर्यंत तुम्ही खडू हातात धरून थांबायचात.